शेवटच्या रेपच्या अलीकडे

स्नायू वाढवायचा असेल तर प्रत्येक सेट अगदी हात सुटेपर्यंत मारावाच लागतो का? गणपतीपुळ्याहून मालगुंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानशी जिम आहे. तिथे संध्याकाळी या प्रश्नावरून हटकून वाद होतो. येणारी पोरं दिवसभर लॉजवर नाहीतर हॉटेलच्या किचनमध्ये राबलेली असतात. काही जयगडच्या बाजूने बोटीवरून परतलेली असतात, आणि आंब्याच्या हंगामात निम्मी पोरं पेट्या उचलून आलेली असतात. त्यांच्याजवळ वेळ, पैसा आणि झोप तिन्ही मोजकं. ते कुठे खर्चायचं हे ऐकीव समजुतीवर ठरू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून मी या वादातल्या दोघांना समोरासमोर बसवलं.

एक, जिम चालवणारा तरुण ट्रेनर. दुसरे, त्याला शाळेत कबड्डी शिकवलेले सर. सर आता निवृत्त आहेत. उमेदीच्या वयात कोल्हापूरच्या तालमीतली लाल माती त्यांनी अंगाला लावली आहे.

ट्रेनर : सर, माझं म्हणणं साधं आहे. पोराने दहा रेप सहज काढले आणि बार रॅकवर ठेवून मोबाइल हातात घेतला, तर त्या सेटने त्याला काय दिलं? जे स्नायूला आधीच जमतंय, त्यासाठी तो वाढेल कशाला? रेप अर्ध्यावर अडतो, जोर लावूनही बार वर जात नाही, तेव्हाच कुठे स्नायूला कळतं की आहे ती ताकद पुरेशी नाही.

सर : आणि दुसऱ्या दिवशी तोच पोरगा देवळाच्या पायऱ्या कठडा धरून उतरतो. मी बघतो ना रे. आमचे वस्ताद जोर मारताना मागे उभे राहायचे. कंबर खाली पडायला लागली की म्हणायचे, ऊठ. पडलेल्या कंबरेचा जोर ते मोजतच नसत.

ट्रेनर : पण बैठका किती मारायचात?

सर : पाचशे. पुढे हजारापर्यंत गेलो.

ट्रेनर : मग तुम्हीच सांगा, हजार बैठका मारणारा माणूस दमत नाही?

सर : दमायचो की. छातीचा भाता व्हायचा. पण पाय धडधाकट असायचे, त्यानंतर मातीत उतरून लढत धरायचो. पायच लुळे पडले असते तर लढलो कसा असतो?

सरांचं हे उत्तर मला फार मोलाचं वाटलं. या वादातला अर्धा गोंधळ इथेच आहे. दम लागणं, घामाने निथळणं, मळमळणं ही सगळ्या शरीराची अवस्था. जिममध्ये ज्याला फेल्युअर म्हणतात ते त्याहून फार नेमकं असतं : व्यवस्थित ढबीत, पूर्ण जोर लावूनही पुढचा रेप निघत नाही तो क्षण. दंडाचा एक सेट त्या क्षणापर्यंत नेला तरी माणूस ताजातवाना असू शकतो, आणि तासभर उड्या मारून जमिनीवर आडवा झालेल्या माणसाचा एकही स्नायू त्या क्षणाच्या जवळपास गेलेला नसतो. नुसत्या थकव्याने स्नायू वाढत नाही, एवढं तर दोघांनाही मान्य होतं. भांडण होतं ते त्या नेमक्या क्षणाविषयी.

सर : आपल्याकडे हे फार पूर्वी सांगून ठेवलंय. सुश्रुत आणि वाग्भट दोघांचंही म्हणणं, व्यायाम आपल्या निम्म्या शक्तीने करावा. निम्मी शक्ती ओळखायची कशी तेही सुश्रुताने सांगितलंय. श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला की थांबावं. अती करणाऱ्याची गत वाग्भटाने हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखी सांगितलीये.

ट्रेनर : सर, ते आरोग्यासाठी आहे. भूक लागावी, अंग हलकं व्हावं, म्हातारपणी हातपाय चालावेत. माझ्याकडे येणारा पोरगा म्हणतो, दंड चौदा इंचाचे झाले पाहिजेत. निम्म्या शक्तीत ते होत नाही.

सर : न व्हायला काय झालं? चिरेखाणीत जांभ्याचे चिरे उचलणाऱ्याची पाठ बघ, रापण ओढणाऱ्यांचे खांदे बघ. त्यांना कुणी फेल्युअर शिकवलं?

ट्रेनर : बघितलेत. काटक आहेत, चिवट आहेत. पण कामाला लागल्यावर पहिल्या वर्षी जेवढं अंग भरलं तेवढंच पुढे वीस वर्षं राहिलं. चिरा तेवढाच, जाळं तेवढंच. ओझं वाढत गेलं नाही की शरीर आहे तिथे थांबतं.

इथे ट्रेनरची बाजू मला पक्की वाटते, आणि तिच्यामागे इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थॉमस डिलॉर्म हा अमेरिकन लष्करी डॉक्टर शिकागोच्या रुग्णालयात जखमी सैनिकांचे वाळलेले पाय पुन्हा भरून आणण्याच्या खटपटीत होता. लहानपणी संधिज्वराने अंथरुणाला खिळलेला आणि पुढे वजनं उचलून उभा राहिलेला हा माणूस. त्याने १९४५ साली मांडलं की रुग्णाला जपून जपून हलका व्यायाम देऊ नये, जड वजन द्यावं आणि ते वाढवत न्यावं. त्याचं माप होतं जेमतेम दहाच वेळा उचलता येईल असं वजन. सुरुवातीला तो असे सात ते दहा सेट घ्यायचा. पुढे त्याच्याच लक्षात आलं की एवढ्याची गरज नाही. १९४८ पर्यंत त्याची पद्धत तीन सेटवर आली : पहिला त्या वजनाच्या निम्म्यावर, दुसरा पाऊण वजनावर, आणि तिसरा पूर्ण. म्हणजे फेल्युअरच्या काठावर जाणारा सेट एकच. आजही जगभरच्या जिममध्ये तीन सेट, दहा रेप चालतात ते इथूनच आले.

ट्रेनर : म्हणजे काठावर जाणारा तो एक सेट डिलॉर्मलाही लागलाच की! आर्थर जोन्सने १९७० च्या सुमारास नॉटिलसची मशिनं काढली. तो तर म्हणायचा एकच सेट मारा, पण पुरता मारा. माइक मेंट्झर त्याच वाटेने गेला आणि १९७९ च्या मिस्टर ऑलिंपियात जड वजनाचा गट जिंकला. डोरियन येट्सही थोडेच सेट पण जीव तोडून मारायचा. तो सहा वेळा ऑलिंपिया झाला.

सर : आणि त्याच्या आधी आठ वेळा जिंकलेला ली हॅनी? तूच मला दाखवला होतास. तो तर उलट सांगायचा, स्नायूला जागं करा, चिरडू नका.

विजेत्यांची साक्ष अशी दोन्हीकडून निघते, म्हणून तिचा मला फारसा आधार वाटत नाही. व्यावसायिक शरीरसौष्ठवात आनुवंशिक देणगी आणि औषधं यांचा वाटा इतका मोठा असतो, की तिथल्या माणसाची पद्धत उचलून गणपतीपुळ्यातल्या वेटरला द्यावी असं त्यातून काहीच निघत नाही. त्यापेक्षा स्नायूच्या आत काय घडतं ते पाहावं.

स्नायूतले तंतू गटागटाने कामाला लागतात, आणि प्रत्येक गटाला एका चेतापेशीचा हुकूम असतो. हार्वर्डचे एलवुड हेनेमन यांनी १९५७ पासून मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की यात ठरलेला क्रम असतो. आधी लहान गट उठतात, चिवट पण कमी ताकदीचे. गरज वाढली तरच मोठे गट उठतात, आणि वाढण्याची क्षमता जास्त असते ती या मोठ्या गटांतल्या तंतूंची. वजन जड असेल, कमाल ताकदीच्या ऐंशी टक्के म्हणा, तर पहिल्या-दुसऱ्या रेपपासूनच जवळजवळ सगळी फौज कामाला लागते. वजन हलकं असेल तर मोठे गट बसून राहतात. लहान गट थकत जातील तसे ते एकेक करून उठतात, म्हणजे सेटच्या अगदी शेवटी. त्यात रेप आपोआप संथ होत जातो, आणि संथपणे आकसणाऱ्या तंतूवर ताण जास्त पडतो. स्नायूला वाढीचा निरोप जातो तो मुख्यतः या ताणातून.

हे मी दोघांना सांगितलं तेव्हा सर क्षणभर गप्प झाले.

सर : म्हणजे आमच्या बैठका, अंगाच्याच वजनाच्या, हलक्या धरायच्या?

ट्रेनर : सर, पहिल्या महिन्यात जड. तेव्हा पन्नासाव्या बैठकीलाच तुम्ही काठावर असाल. नंतर हजार मारायला लागलात तेव्हा हलक्या. दम वाढला, पाय वाढायचे थांबले.

सर : पाय वाढायचे थांबले हे खरं. पुढे वस्तादांनी खांद्यावर जोडीदार बसवून बैठका मारायला लावल्या. वीस-पंचवीसच.

ट्रेनर : बघा! वस्तादांना हेनेमन माहीत नव्हता, पण इलाज तोच.

ब्राझीलमध्ये लासेविशियस आणि सहकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट तपासली. आधी व्यायाम न केलेल्या पुरुषांकडून आठ आठवडे मांडीचा व्यायाम करून घेतला, कुणाकडून ऐंशी टक्के वजनाने, कुणाकडून तीस टक्क्यांनी, काही पाय फेल्युअरपर्यंत आणि काही त्याच्या अलीकडे थांबवून. जड वजनात अलीकडे थांबल्याने काहीच बिघडलं नाही, मांड्या सारख्याच भरल्या. हलक्या वजनात मात्र शेवटपर्यंत गेलेले पाय जास्त भरले. घरात दोन डंबेल घेऊन व्यायाम करणाऱ्याला किंवा नुसते जोर मारणाऱ्याला म्हणूनच सेट बराच लांबवावा लागतो. जिममध्ये जड बार घेणाऱ्याला तशी सक्ती नाही.

ट्रेनर : नवख्यांचं ठीक आहे. मुरलेल्यांचं काय?

त्याचंही उत्तर आहे. ऑस्ट्रेलियातल्या रेफालो यांच्या गटाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुरलेले १८ जण होते, पुरुष आणि स्त्रिया दोन्ही. प्रत्येकाचा एक पाय फेल्युअरपर्यंत, दुसरा एक-दोन रेप शिल्लक ठेवून. एकाच माणसाचे दोन पाय असल्यामुळे जेवण, झोप, आनुवंशिकता यांचा फरक उरतच नाही, म्हणून हा प्रयोग मला फार आवडतो. आठ आठवड्यांनी दोन्ही मांड्यांची वाढ सारखीच भरली. त्याआधी २०२२ मध्ये ग्रगिच आणि सहकाऱ्यांनी १५ प्रयोगांचा एकत्र हिशेब केला होता. त्यातही फेल्युअरपर्यंत जाणारे आणि न जाणारे यांच्यात ठळक फरक निघाला नव्हता.

सर : झालं तर मग! कशाला पोरांचा जीव काढतोस?

ट्रेनर : थांबा सर. २०२४ मध्येच रॉबिन्सन आणि मंडळींचा मोठा हिशेब आलाय. त्यात सेट जसजसा काठाच्या जवळ संपतो तसतशी स्नायूंची वाढ जास्त दिसते. ताकदीचं तसं नाही, ती दूर थांबूनही तेवढीच वाढते. म्हणजे दोन रेप शिल्लक ठेवलेत तर चालेल, सहा-सात ठेवलेत तर नुकसान. आणि माझी खरी अडचण पुढेच आहे. पोराला विचारलं, किती शिल्लक होते? तो सांगतो, दोन. मला दिसत असतं, सहा होते.

हे त्याचं निरीक्षण मला या सगळ्या संवादातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ब्राझीलमध्येच व्यायामाची सवय असलेल्या १६० पुरुषांना विचारलं होतं, बेंच प्रेसला दहा रेपसाठी तुम्ही किती वजन घेता? त्यांनी सांगितलेलंच वजन देऊन, आता होतील तेवढे काढा म्हटलं, तर सरासरी सोळा रेप निघाले. दहावर थांबणारा माणूस प्रामाणिकपणे समजत होता की आपण पुरता जोर लावतो, आणि शिल्लक होते सहा! असा माणूस वर्षानुवर्षं जिमला जातो, फी भरतो, आणि आरशात फरक दिसत नाही म्हणून शेवटी पावडरच्या डब्याला किंवा त्याहून वाईट कशाला तरी हात घालतो. त्याला काठ माहीतच नसतो. मग काठापासून दोन पावलं अलीकडे थांब, हे त्याला सांगून काय उपयोग?

सर : हे मात्र पटलं. कबड्डीतही तसंच. नवा पोरगा मधल्या रेषेवरच कबड्डी कबड्डी करत फिरतो आणि म्हणतो, सर, दम संपला. दम संपलेला नसतो, भीती असते.

ट्रेनर : म्हणून मी फेल्युअरला नेतो, सर. जीव काढायला नाही. एकदा तरी तिथे जाऊन आला की त्याचा अंदाज बसतो.

सर : एकदा तरी म्हणालास. तू तर रोज नेतोस, प्रत्येक सेटला.

ट्रेनर गप्प बसला. सरांनी इथून जे मांडलं त्याला त्याच्याजवळ सोपं उत्तर नव्हतं.

सर : खाशाबा जाधवांचं ऐकलंयस ना? १९५२, हेलसिंकी. जपानच्या इशीशी झुंज देऊन चटईवरून उतरले, आणि लगेच सोव्हिएत पैलवानाशी उभे केले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता, पण आपल्या बाजूने भांडायला कुणी अधिकारीच हजर नव्हता. कांस्य आणलं, ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. पण ती विश्रांती मिळाली असती तर रंग वेगळा दिसला असता, असं आमच्या तालमीत प्रत्येक वस्ताद सांगायचा. माणूस मेहनतीने जिंकतो तसा विसाव्यानेही जिंकतो. तुझी पोरं पहिल्या सेटलाच सगळं संपवतात, मग पुढच्या तीन सेटमध्ये हातात काय राहतं?

ट्रेनर : रेप कमी होतात. दहा, सात, पाच.

सर : आणि दोन शिल्लक ठेवले असते तर?

ट्रेनर : दहा, नऊ, नऊ. एकूण काम जास्त झालं असतं. मान्य.

सर : आणि परवा पुन्हा यायला तयार असता.

स्पेनमध्ये मोरान-नवारो यांच्या गटाने २०१७ साली हे मोजलं होतं. तेवढेच रेप फेल्युअरपर्यंत जाऊन काढले तर स्नायूंचा वेग आणि ताकद पूर्ववत व्हायला २४ ते ४८ तास जास्त लागतात. एरवी हा फरक सोसता येईल. पण एप्रिल-मेमध्ये, बागेतून आंबा उतरवून पेट्या टेम्पोत चढवणाऱ्या पोराचा विचार करा. त्याची पाठ आणि मांड्या सकाळी सहापासून कामाला लागलेल्या. रात्री आठला त्याने डेडलिफ्टचे चार सेट हात सुटेपर्यंत मारले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला तीच पाठ वाकवायची असते, आणि तिथे त्याची रोजी असते. व्यायामाचे बहुतेक प्रयोग विद्यार्थ्यांवर होतात. त्यांना दिवसा पेट्या उचलायच्या नसतात. अशा पोराला हंगामात फेल्युअर सांगणं मला चूक वाटतं, मग हिशेबात वाढ चार टक्क्यांनी कमी दिसो की आठ. कोकणातल्या दमट उकाड्यात नवख्याने पहिल्याच आठवड्यात अती केलं तर स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरण्याचा धोकाही खरा आहे. लघवी चहासारखी काळपट झाली तर जिम नाही, तडक दवाखाना गाठायचा.

सर : आणि संकेत सरगरचं बघ. सांगलीच्या पानटपरीवाल्याचा पोरगा. २०२२ चं बर्मिंगहॅमचं राष्ट्रकुल, ५५ किलो गट. स्नॅचला ११३, जर्कला १३५. मग १३९ ला कोपर गेलं. एकूण २४८, आणि मलेशियाचा पोरगा २४९ वर सोनं घेऊन गेला.

ट्रेनर : सर, ती स्पर्धा होती, सराव नव्हता. तिथे १३९ ला हात घालायलाच हवा होता, सोनं समोर होतं. वेटलिफ्टिंगवाले सरावात सहसा फेल्युअरला जात नाहीत, कारण त्यांना ताकद आणि वेग हवा असतो, आकार नको असतो. हे उदाहरण तुमच्याही बाजूचं नाही आणि माझ्याही नाही.

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि सरांनी ते मोकळेपणाने मानलं. पण वेगाचा मुद्दा त्यांनी सोडला नाही. त्यांच्या कबड्डीच्या पोरांना चढाईत झेप हवी, जड पाय नकोत. याबाबत स्पेनच्याच पारेखा-ब्लांको यांचा २०१७ चा स्क्वॉटचा प्रयोग बोलका आहे. एका गटाने बारचा वेग २० टक्के घटला की सेट थांबवला, दुसऱ्याने ४० टक्के घटेपर्यंत ओढला. दुसरा गट निम्म्याहून जास्त सेटमध्ये फेल्युअरला पोहोचत होता. मांड्या या दुसऱ्या गटाच्या जास्त भरल्या. उंच उडीत मात्र पहिला गट पुढे गेला, आणि दुसऱ्या गटाचे सगळ्यात चपळ जातीचे तंतू कमी झाले. एकाच प्रयोगात दोघांच्याही पदरात काहीतरी पडलं : शरीरसौष्ठवाच्या मंचावर उभं राहायचं असेल तर ट्रेनरचं, मैदानात उतरायचं असेल तर सरांचं.

ट्रेनर : एक मात्र सांगतो, सर. फेल्युअर गेलं काय, न गेलं काय, ताटात नसेल तर दोन्ही फुकट. साठ किलोच्या पोराला दिवसाला साधारण ९५ ग्रॅम प्रथिनं हवीत, किलोमागे १.६ च्या हिशेबाने. आमची पोरं भात आणि रस्सा खातात, त्यात मासळीचा तुकडा एक.

सर : बांगडे स्वस्त असतात तेव्हा चार खा म्हणावं. शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं. आणि घरात कुळीथ पडलेत ते पिठीपुरतेच का? उसळ करा. संकष्टी-अंगारकीला मासळी नाही, तेव्हा तेच कामाला येतील.

यावर वाद झाला नाही. उरला तो रोजचा नियम काय ठेवायचा एवढाच प्रश्न, आणि तो दोघांनी माझ्यासमोरच जवळजवळ मिटवला. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच अशा मोठ्या व्यायामांत दोन रेप शिल्लक ठेवून थांबायचं. बायसेप्स, खांद्याच्या बाजू, पायाची मशिनं इथे हवं तर शेवटचा सेट पुरता मारायचा, कारण तिथे अडलं तर अंगावर काही पडत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येकाचा अंदाज तपासायचा : पोराने सांगायचं आता दोनच उरलेत, आणि मग ट्रेनरने उभं राहून खरोखर किती निघतात ते मोजायचं. आंब्याच्या हंगामात पेट्या उचलणाऱ्यांना पायांचे सेट निम्मे.

सर : आणि दहावीतली पोरं?

ट्रेनर : त्यांना ढब आधी. बार हलला, कंबर वाकली की सेट संपला. तुमच्या वस्तादांसारखंच.

सर : फेल्युअर नाही?

ट्रेनर : मशिनवर एखाद्या वेळी. मी समोर उभा असताना.

सर : नाही. सोळा वर्षांच्या पोराला एकदा दाखवलंस की तो तू नसताना चार वेळा करणार. बेंचवर, एकटा.

ट्रेनर : मग त्याला अंदाज कसा बसणार सर? अठरा वर्षांचा होईपर्यंत दहाच्या जागी सोळा निघणारे रेप सोडूनच देत राहणार का?

सर : जोर मारायला लाव. जोर मारताना अडलं तर छाती जमिनीला टेकते, बार गळ्यावर येत नाही. काठ बघायचाय ना त्याला? तिथे बघू दे.

ट्रेनरने याला होही म्हटलं नाही आणि नाहीही. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळच्या बॅचला सरांनीच यावं आणि दहावीतल्या पोरांचे जोर मागे उभं राहून मोजावेत, असं त्याने सुचवलं. सरांनी विचारलं, किती वाजता?